पोटाकडचा फोटो

पाचच्या आत भुंगेऱ्याच्या पोटाकडचा फोटो पाठवला नाही, तर आमची हरकत फेटाळली जाणार होती. सोमवारी टेकडीच्या या उतारावर रस्त्यासाठी जेसीबी चढणार होता.

काळ्या-केशरी पट्ट्यांचे भुंगेरे आमच्या ह्यांनी इथे शेकड्यांनी कॅमेऱ्यात टिपले होते. पण सगळे पाठीकडून! दोन प्रजातींची पाठ हुबेहूब सारखी. एक साधी, एक दुर्मीळ; दुर्मीळ निघाली तरच रस्ता अडणार होता. फरक असतो तो छातीखाली, पायांच्या मधे. आणि टेकडीवर फिरणाऱ्या मंडळींचा नियम काय, तर किड्याला हात लावायचा नाही. नियम केला कोणी? श्यामसुंदररावांनीच, म्हणजे आमच्या ह्यांनीच. पाटीही त्यांनीच लावली. माझं तर डोकंच फिरलं होतं.

सकाळपासून आम्ही दोघं आणि कॉलेजात कीटकशास्त्र शिकवणारी नीरजा झुडपं धुंडाळत होतो. चार वाजून गेल्यावर एका पिवळ्या फुलावर तो दिसला.

"अहो, पकडा!"

"हात लावायचा नाही, हेमा," हे सवयीने म्हणाले.

मीच झडप घातली. त्याने पाय आखडून मेल्याचं सोंग घेतलं. बोटांना पिवळा रस लागला. त्याने फोड येतात म्हणे. येऊ देत. नीरजाने पटापट फोटो काढले, मोठे करून पाहिले आणि तिथेच मातीत बसली.

"साधाच आहे, काका."

दुसरा शोधायला वेळ उरला नव्हता. मला रडू आवरेना. याच उतारावर आमची लेक अस्मिता धावायला शिकली.

नीरजाने मोबाइल पुढे केला. "हा दुर्मीळ. लोणी काळभोरच्या शेतात काढलेला, पोटाकडूनच. इथला म्हणून पाठवू? कोणाला कळणार आहे?"

"पाठव," मी म्हणाले.

"नाही," हे म्हणाले. नोंदीत जागा चुकीची टाकली म्हणून ह्यांनी आजवर भल्याभल्यांना झापलंय.

"अहो, टेकडी जाईल! तुमचा खरेपणा काय चाटायचाय?" मी किंचाळलेच.

त्यांनी खराच फोटो पाठवला. मग बाटलीतलं पाणी ओतून त्यांनी माझी बोटं धुतली, रुमालाने पुसली.

"हेमा," खालच्या उताराकडे बघत ते म्हणाले, "सोमवारपासून फिरायला कुठे जायचं गं?"