शंभर टक्के बसने

बससेवेबद्दलची सभा संध्याकाळी सहाला आणि गावाकडे परतणारी शेवटची बस साडेपाचला. ज्या कार्यालयाने या दोन्ही वेळा ठरवल्या, त्याच कार्यालयाने पत्रकावर ‘ग्रामीण प्रवाशांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे’ असंही छापलं होतं. मावशींच्या गावातून बहुसंख्येने मावशी एकट्याच गेल्या.

मावशी शहरातल्या इस्पितळात फाटलेल्या चादरी शिवायच्या. बावीस वर्षं सकाळी सातच्या बसने गेल्या, एक खाडा नाही. गेल्या महिन्यात ती बस ‘सेवासुधारणेसाठी’ बंद झाली. आता पहिली बस दुपारी बारा वाजता. तेव्हापासून दूधवाल्याच्या टेम्पोत जागा मिळाली तर मावशी वेळेवर, नाहीतर उशिरा. मुकादमाने स्पष्टच सांगितलं होतं, “मावशी, महिनाअखेरपर्यंत सांभाळून घेतो. पुढे मात्र आठच्या ठोक्याला मशीनवर माणूस लागेल.”

“आई, कशाला जाताय? तुमचं कोण ऐकणार तिथे?” सून म्हणाली.

“ऐकत कसे नाहीत बघते. चांगले चार शब्द सुनावून येते.”

त्या दिवशी मावशींनी रजा टाकली आणि बाराची बस धरली. एक वाजता त्या सभागृहाच्या दारात होत्या. दाराला कुलूप. पाच तास पायरीवर बसून त्यांनी बोलायचं ते सगळं पाठ केलं आणि डबा खाल्ला.

सहाला कारकून वही घेऊन दारात बसला. “आलात कशाने?”

“बसने. पण दुपारी एक वाजताच आले हो. मधे दुसरी बसच नाही.”

“त्याला रकाना नाही,” असं म्हणून त्याने ‘बस’ लिहिलं, वेळ ‘१.००’ टाकली आणि वही सहीसाठी पुढे केली. मावशींनी ठसठशीत सही केली. आपण खरं तेच लिहून दिलं, याचा त्यांना अभिमानच वाटला.

आत टेबलावर भलामोठा नकाशा होता. मावशींचं गाव बिस्किटांच्या बशीखाली गेलं होतं. मावशींनी बशी बाजूला सारली, गावावर बोट ठेवलं आणि सातच्या बसची सगळी हकिकत सांगितली. नियोजन अधिकारी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते.

“फार मोलाचा मुद्दा,” ते म्हणाले. “आमची सगळी आखणी प्रवासीकेंद्रीच आहे.”

“साहेब, तुम्ही कशाने आलात?”

“मी? गाडीने. आमच्या भागात बस तितकीशी सोयीची नाही हो.”

सगळे हसले. साहेबही हसले. मग चहा आला, आणि कुणीतरी “मावशी, इकडे बघा” म्हणत फोटो काढला. बोलायचं ते बोलून झालं होतं, त्यामुळे मावशी मोकळ्या मनाने हसल्या. परतीची बस केव्हाच गेली होती, म्हणून कारकुनाने त्यांना स्कूटरवरून त्यांच्या मावसबहिणीकडे सोडलं. माणूस वाईट नव्हता, रकान्याबाहेर गेल्यावर बराच बरा होता.

दहा दिवसांनी अहवाल आला. सुनेने तो मोबाईलवर वाचून दाखवला. “‘सदर गावातून उपस्थित राहिलेले शंभर टक्के नागरिक बसने आले व नियोजित वेळेच्या पाच तास आधी पोहोचले. सबब सध्याची सेवा पुरेशी असून सकाळच्या फेरीची गरज दिसून येत नाही.’” सुनेचा आवाज चिरकला. “आई, हे शंभर टक्के म्हणजे तुम्हीच.”

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. गेल्या नसत्या, तर निदान पुरावा तरी झाला नसता.

एक तारखेला त्या पावणेसातलाच थांब्यावर उभ्या राहिल्या. दूधवाल्याचा टेम्पो कॅन आणि माणसांनी गच्च भरून पुढे निघून गेला. सात वाजले, साडेसात वाजले. आठला मुकादमाचा फोन आला. तो हळू आवाजात म्हणाला, “मावशी, बसवलं हो दुसऱ्या बाईला.”

फोन पिशवीत टाकताना त्यांचं मागे लक्ष गेलं. थांब्याच्या फळीवर रात्रीतून नवा कागद लागला होता. त्यावर हातात चहाचा कप घेऊन मावशी हसत होत्या आणि खाली ठळक अक्षरं होती : ‘बस आहे, म्हणून मी नेहमी वेळेआधी!’

मावशींना रडू आलं आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. त्यांनी पिशवीतून कामाची कात्री काढली आणि कागदातून आपला चेहरा तेवढा कापून घेतला. रागातही कड कुठे वाकडी गेली नाही.