बर्फातले टायर

ईद तीन दिवसांवर आली होती आणि अर्ध्या मस्कतला सलालाहला जायचं होतं. हजार किलोमीटरचा वाळवंटी रस्ता, त्यामुळे वर्षभर विसरलेल्या टायरची आठवण सगळ्यांना एकदमच झाली होती. शहराबाहेर अल अमेरातच्या टायर-दुकानात कारागीर हुसैनमियाँनी सकाळपासून आठ गाड्या उरकल्या होत्या. वय अठ्ठावन्न, त्यात रोजा, बाहेर चव्वेचाळीस डिग्री. कंबरेने तर दुपारीच राजीनामा दिला होता.

नववी गाडी जयप्रकाशांची. शहरात अल घुब्राला राहणारे, बँकेत नोकरी. गाडीत बायको विशाखा आणि दोन मुलं, टपावर बांधलेले चार टायर.

"एक जर्मन इंजिनिअर देश सोडून गेला, त्याच्याकडून घेतलेत," ते म्हणाले. "खाचा बघा, नव्यासारख्या."

हुसैनमियाँनी टायर फिरवून पाहिला. कडेला डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी कोरलेली होती.

"साहेब, हे बर्फातले टायर. रबर नरम असतं. आपल्या उन्हात ब्रेक मारलात, तर गाडी वेळेवर थांबायची नाही."

"तुम्हाला तुमचे विकायचेत, कळतं मला. लावा."

हुसैनमियाँनी जॅक गाडीखाली सरकवला. बावीस वर्षं त्यांनी पालथ्या घड्यावर पाणी ओतलं होतं. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची नाही, ही अर्बाबची, म्हणजे दुकानाच्या मालकाची, ताकीद होतीच. त्याची गाडी, त्याचे टायर, आपल्याला काय! चारही चाकांचे वीस नट आवळून ते उठले, तेव्हा त्यांना भिंत धरावी लागली. आता फक्त पाठ टेकायची होती.

तेवढ्यात काच खाली झाली. आत बसलेल्या विशाखाला बाहेरचं काही ऐकू गेलं नव्हतं.

"चाचा, उद्या पहाटे निघतोय आम्ही. टायर नीट आहेत ना?"

मागे मुलं सीटवर पाय पसरून भांडत होती. नुसतं हो म्हटलं की सुटका होती. पण ज्याने टायर चढवले त्यालाच ती विश्वासाने विचारत होती, आणि हुसैनमियाँना स्वतःची लाज वाटली.

"नाहीत, वहिनी. मी बसवले ते चुकलं माझं. ह्यांच्यावर पोरांना नेऊ नका."

विशाखाने नवऱ्याकडे पाहिलं. जयप्रकाश मोबाईल चाळू लागले. मग ती खाली उतरली, दोन्ही मुलांना उतरवलं आणि म्हणाली, "जुनेच परत लावा. घरापर्यंत पुरतील. सलालाह राहू दे."

धाकट्याने भोकाड पसरलं. हुसैनमियाँनी तिघांना पंख्याखालच्या बाकावर बसवलं आणि पाना उचलला.

जयप्रकाश जवळ आले. आवाज खाली आला होता. "मला मघाशीच नीट समजावून का नाही सांगितलंत?"

सांगितलं होतं, पण एकदाच. दुसऱ्यांदा सांगायचं त्यांनी टाळलं होतं.

"दमलो होतो, साहेब," हुसैनमियाँ म्हणाले, आणि त्यांनी जॅक पुन्हा गाडीखाली सरकवला.