ब्रेकच्या नळीचा काठ

आनंदनं केलेली नळी मी चष्म्यासमोर धरली आणि मला अक्षरशः किळस आली. तोंड फुलवायच्या नादात काठ दोन जागी फाटलेला, त्यावर पांढऱ्या टेपचे वेढे आणि वरून एम-सील लिंपलेलं. माझ्या पोरानं व्हिडिओ बघून हे दिवे लावले होते. जीपच्या ब्रेकची जुनी नळी गंजली म्हणून ही नवी. ती बसवून साहेब उद्या दसऱ्याला बायकोला आणि सहा वर्षांच्या उत्कर्षाला घेऊन बोपदेव घाट उतरणार!

"फुंकून बघितलं, लीक होत नाहीये ना बाबा? मग प्रॉब्लेम काय आहे?"

"काहीच नाही. घाटात थांबली नाही, तर पाय बाहेर काढून घास."

नांदेडहून येऊन मी तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. निवृत्त झाल्यावर बिबवेवाडीतल्या या फ्लॅटच्या बाल्कनीत व्हाइस बसवला, तेव्हा माझी बायको मुक्ताई आठवडाभर बोलली नव्हती. टेप गुंडाळून काम भागवणाऱ्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. त्यातला एक माझ्याच घरात निघावा, म्हणजे कमालच.

हत्यारं मात्र पाटावर होती. आज खंडेनवमी. मुक्ताईनं सकाळीच त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं.

"अहो, पूजलेल्या हत्याराला आज हात लावू नये," ती म्हणाली.

"मग उद्या ब्रेकऐवजी आरती म्हणू दे त्याला."

नळी पकडणारा डाय आणि तोंड फुलवायचा शंकू घासलेटच्या फडक्यानं पुसले, खाचांतलं कुंकू ब्रशनं काढलं. नवी नळी कापली, कापताना तोंडाच्या आत उठलेली धार काढली, बोट फिरवलं. गुळगुळीत लागलं. आठवणीनं नट आधी ओवला आणि नळी डायमध्ये आवळली. ब्रेकच्या नळीला काठ दुहेरी लागतो. आधी तोंड आत दाबायचं, मग शंकूनं बाहेर दुमडायचं, जाड कापडाला दुमड घालतात तसं. काठ असा देखणा उतरला की मी स्वतःवरच खूश झालो.

"एकदम कंपनी फिटिंग!" आनंद पाना घेऊन तयारच होता. खाली पार्किंगमध्ये उत्कर्षा आत्तापासूनच जीपमध्ये बसली होती आणि हॉर्न वाजवत होती.

सवयीनं मी भिंग लावलं. दुमडीवर केसाएवढी चीर होती. आतली धार पुरती निघालीच नव्हती, तिथूनच दुमड तडकली होती.

"कुठंय? मला तर काही दिसत नाही," आनंद म्हणाला. "द्या, बसवतो."

धरेल की, मनात आलं. एवढीशी तर आहे, कोण भिंग घेऊन बघणार? हे मनात येऊन गेलं आणि मला स्वतःची शिसारी आली. आनंदला निदान काही कळत तरी नव्हतं.

मुक्ताई दारातून डोकावली. "मी सांगत होते ना! पूजलेल्या हत्याराला हात लावला, मग असंच होणार."

"हो बाबा," आनंदनं लगेच री ओढली. "कुंकवाचा कण राहिला असेल आत."

दोघं मायेनंच बोलत होते. मी नुसती मान डोलावली असती, तर दोष कुंकवावर गेला असता आणि घरात माझा मान जिथल्या तिथं राहिला असता. मला त्या मायेचाही वीट आला.

मी नळी व्हाइसवर ठेवली आणि हातोडीच्या दोन घावांत तिचं तोंड चेपून टाकलं.

"अहो, हे काय!" मुक्ताई ओरडली.

"कुंकू साफ पुसलं होतं. धार राहिली, आणि ती माझ्या बोटाला कळली नाही," मी म्हणालो. "आनंद, उद्या जीप जाणार नाही. उत्कर्षाला खाली उतरव. आणि नळी चांगल्या माणसाकडून करून आण. माझ्याकडून नको."