आठ घरांत सात कुत्री

आमच्या इमारतीत कुत्रं पाळायला बंदी आहे. बंदी घरमालकाची नाही, आमचीच. सहा वर्षांपूर्वी रहिवाशांनी सभा भरवून, टाळ्या वाजवून हा धोंडा स्वतःच्या पायावर पाडून घेतला. जिन्याखाली काचेच्या चौकटीत तो नियम टांगलाय आणि खाली सेक्रेटरींची सही आहे. सही बघून वाटतं, या माणसानं एखादं युद्ध थांबवलं असावं.

आमच्याकडे दोन कुत्री आहेत. मास्तर आणि चिंगी. मी फ्रिज दुरुस्त करतो, त्यामुळे माझ्या हातात खोकं दिसलं तर कुणी काही विचारत नाही. तीन वर्षं मी रोज सकाळी तिसऱ्या मजल्यावरून एक खोकं खाली नेलं, वर आणलं, मग दुसरं खाली नेलं. चिंगीचं ठीक आहे, ती उशीएवढी आहे. पण मास्तर सव्वीस किलोंचा. आता तो बारा वर्षांचा झालाय, गुडघे गेलेत, आणि त्याला दिवसातून चार वेळा खाली जावं लागतं. एका घरातून रोज चार-चार फ्रिज निघायला लागले तर आंधळ्यालाही कळेल. वर तो बहिरा झालाय. आपण भुंकतोय हे त्यालाच कळत नाही, मग थांबणार कसा?

माझी बायको तपासणीच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. तिनं सरळ सांगून टाकलं, "पावसाळ्याआधी एक तर तो नियम जाईल, नाही तर आपण जाऊ." जायला आम्ही अकरा घरं बघितली. अकराही ठिकाणी कुत्र्याचं नाव काढताच चहाचा कप परत आत गेला. तिसरा मार्ग मी एकदाच बोललो, की मास्तरला कुणाकडे तरी ठेवू. तिनं माझ्याकडे शीर शोधताना बघते तसं बघितलं. पुन्हा मी तो विषय काढला नाही.

अशात फवारणीची सूचना आली. ढेकूण झाले होते. शनिवार-रविवार सगळी घरं रिकामी करा, किल्ल्या राखणदाराकडे द्या. दोन दिवस कुत्री न्यायची कुठे? तीन तासांच्या अंतरात कुत्र्यांना आत घेणारी एकच जागा निघाली, तळ्याकाठचे तंबू. आम्ही पहाटे चारला दोन खोकी गाडीत घातली आणि निघालो.

'निसर्गाच्या कुशीत' असं फाटकावर लिहिलं होतं. निसर्गाच्या कुशीला बहुतेक घाम फार येतो. जाहिरातीत निळं असलेलं तळं प्रत्यक्षात चहाच्या रंगाचं होतं. तंबू पाच मिनिटांत उभा राहतो असं पिशवीवर छापलेलं. छापणारा घरात झोपत असणार. पाऊण तासानं आमचा तंबू उभा राहिला, तोही एका बाजूनं, दारू पिऊन भिंतीला टेकलेल्या माणसासारखा. आत शिरलं की भाजायला ठेवल्यासारखं वाटायचं, बाहेर आलं की लाल मुंग्या.

पण मास्तर पाण्यात गेला. गुडघ्यांचं दुखणं विसरून पोटापर्यंत आत गेला, उभा राहिला आणि भुंकला. पोटाच्या तळापासून, मनसोक्त. बायको तोंडावर हात धरून बघत राहिली. तीन वर्षं आम्ही त्या आवाजावर उशा दाबत होतो.

त्याला उत्तर आलं. पलीकडच्या हिरव्या तंबूमागून कुणीतरी लांबलचक सूर लावला.

बायको ताठ झाली. "हा आवाज मी ओळखते."

"कुत्र्याचा आवाज तू कुठून ओळखशील?"

"अरे, हा आपल्या डोक्यावरचा आवाज आहे. रोज संध्याकाळी सहा वाजता."

आमच्या वर गाणंबाई राहतात, शिकवण्या घेतात. त्यांच्याकडे एक शिष्या भयंकर बेसूर आहे असं अख्ख्या इमारतीचं मत होतं. मी तर एकदा जिन्यात बाईंना म्हणालोही होतो, की तिच्याकडून फी घेऊ नका, पाप लागेल. ती शिष्या आता तंबूमागून शेपूट हलवत आली. मागोमाग चप्पल हातात घेतलेल्या गाणंबाई.

आम्हाला बघून त्या जागच्या जागी थिजल्या. मग मास्तरकडे बघितलं, मग चिंगीकडे, मग माझ्याकडे.

"म्हणजे ते फ्रिज..." त्या म्हणाल्या.

"आणि ती शिष्या..." मी म्हणालो.

बायको इतकी हसली, की खालीच बसली.

दुपारपर्यंत एकेक बीळ उघडं पडत गेलं. चौथ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर बायकोसह सापडला. त्याचा कुत्रा अवजारांच्या पेटीतून दवाखान्यात जायचा आणि दिवसभर तिथे खुर्चीखाली झोपायचा. तो गुरगुरला आणि पेशंट घाबरून ओरडले, की डॉक्टर म्हणायचा, 'मशीनचा आवाज आहे.' मग पहिल्या मजल्यावरचं नवं जोडपं दिसलं, त्यांच्याकडे दोन. मोठ्या आवाजात टीव्ही लावतात म्हणून त्यांच्याविरुद्ध मीच तक्रार केली होती. आणि आमच्या टीव्हीविरुद्ध त्यांनी.

चार वाजता झाडामागून अर्ध्या चड्डीतला एक गृहस्थ आला. छातीशी टॉवेल धरलेला, टॉवेलमधून दोन कान बाहेर. शेजारी त्यांची बायको, हातात दुधाची बाटली. सेक्रेटरी! खुद्द काचेच्या चौकटीतली सही.

चोराला चोर भेटला तर निदान हसतो तरी. इथे देवळाचा पुजारीच दानपेटीत हात घातलेला सापडला होता.

"हा माझ्या मेव्हण्याचा आहे," सेक्रेटरी म्हणाले. "दोन दिवसांपुरता."

टॉवेलमधल्या जीवानं त्यांची हनुवटी चाटली.

"दोन दिवसांत फारच लळा लागला हो," गाणंबाई म्हणाल्या.

"पुरे आता!" सेक्रेटरींची बायकोच ओरडली. "पाच वर्षं झाली याला. न्हाणीघरात ठेवतो आम्ही. सभेत नियम वाचून दाखवतात आणि घरी येऊन याच्या पाया पडतात. मेव्हण्याचा म्हणे! माझ्या भावाला मांजरही सहन होत नाही."

त्यानंतर मात्र सगळे सैल झाले. पाव, अंडी, चहा. सात कुत्री एकमेकांच्या शेपट्या हुंगत फिरत होती, नऊ माणसं एकमेकांच्या युक्त्या ऐकत होती. डॉक्टरनं मास्तरचे दात बघितले आणि म्हणाला, "याचे दात तुमच्यापेक्षा बरे आहेत." बायकोनं त्याला गुडघ्यांचं सांगितलं, चार वेळा खाली न्यावं लागतं हे सांगितलं, अकरा घरांचंही सांगितलं. मग तिनं हिशेबातली सोपी गोष्ट बोलून दाखवली.

"आपल्या सभेत माणशी एक हात असतो. मोठी माणसं एकूण चौदा. त्यांतली नऊ इथे बसलीत. मग आपण लपतोय कुणापासून?"

असं काही कुणाला सुचलंच नव्हतं. पाच वर्षं एकमेकांना घाबरण्यातून वेळच मिळाला नव्हता.

सेक्रेटरी उठून उभे राहिले. चड्डीतही ते भाषणालाच उभे असल्यासारखे दिसत होते. "वहिनी, सोमवारी सभा आहे. नियम मी केला, मोडायचा ठराव मीच मांडणार. माझा शब्द!"

"शब्द नको," बायको म्हणाली. "याच्या डोक्यावर हात ठेवा."

मग नऊ जणांनी एकेक करून मास्तरच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. मीही ठेवला. मास्तरला वाटलं, अचानक सगळं जग आपले लाड करायला लागलं. तो आडवाच झाला.

रविवारी परत निघताना सेक्रेटरींनी वेळा वाटून दिल्या. गाणंबाई पाच वाजता, डॉक्टर साडेपाच, आम्ही सहा. "आजच्या दिवस गुपचूप जाऊ. उद्या उजळ माथ्यानं." तेव्हाच मला कळायला हवं होतं. उद्या उजळ होणाऱ्या माथ्याला आज टोपी लागत नाही.

सोमवारी सभा सेक्रेटरींच्याच बैठकीत भरली. घरात अजून औषधाचा वास होता. न्हाणीघराचं दार बंद आणि आत नळ चालू. सुरुवातीलाच घरमालकाचं पत्र वाचलं गेलं. फवारणीवाल्यांना जिन्यात कुत्र्यांचे केस मिळाले होते. पुढे मालकानं लिहिलं होतं: मला कुत्र्यांची अडचण नाही. नियम तुमचा, ठेवा नाही तर काढा, हात मोजून कळवा. ठेवलात तर मात्र मी दर महिन्याला माणूस पाठवून घरं तपासणार.

याहून सोपं काय असतं? ताट वाढून, घास करून दिला होता. फक्त तोंड उघडायचं बाकी.

तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, "माझी हरकत नाही. आवाज मला ऐकूच येत नाही. फक्त एक विचारतो. आज जो हात वर करेल, त्याच्याकडे आधीपासून कुत्रं आहे असं समजायचं का? आणि ज्यांनी इतकी वर्षं सगळ्यांना फसवलं, त्यांचं काय?"

आजोबांनी ते निव्वळ माहितीसाठी विचारलं असेल. पण खोलीतली हवा बदलली. सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

"असं आहे," ते म्हणाले, "नियम काढावा की न काढावा, यावर मी व्यक्तिशः काही बोलणं पदाला शोभणार नाही. ज्यांना काढावासा वाटतो, त्यांनी हात वर करावेत."

बायकोचा हात वर गेला. सरळ, कोपरात न वाकता. आणि तिनं खोलीभर बघितलं.

गाणंबाई घसा साफ करत होत्या. डॉक्टर आणि त्याची बायको मालकाचं पत्र नव्यानं वाचत होते, दोघं मिळून एकच कागद. नवं जोडपं एकमेकांचे हात घट्ट धरून बसलं होतं. प्रेमात नव्हे. दुसऱ्याचा चुकून वर जाऊ नये म्हणून. सेक्रेटरींची बायको नवऱ्याकडे बघत होती आणि नवरा वहीकडे.

मी हे सगळं बघत होतो. कोण किती नेभळट आहे ते मनात नीट नोंदवून घेत होतो. एकेकाला जिन्यात गाठून काय सुनावायचं, ती वाक्यंसुद्धा तयार करत होतो. भाडेकरारातलं घर सोडायचं कलम, नव्या घराची अनामत, आणखी अकरा घरं, हेही मधूनमधून डोक्यात येऊन जात होतं. खोटं कशाला सांगू.

"बाजूनं एक," सेक्रेटरी म्हणाले. "नियम राहावा असं ज्यांना वाटतं?"

हात वर गेले. सेक्रेटरींनी मोजले आणि शेवटी स्वतःचा धरला.

"विरोधात बारा. एकूण चौदा." ते थांबले. पेन माझ्याकडे वळवलं. "तुम्ही?"

मी मांडीकडे बघितलं. माझे दोन्ही हात तिथेच होते.

"तटस्थ एक," त्यांनी लिहून घेतलं. "वहिनी, तुमच्याकडे कुत्रं आहे असं समजायचं ना?"

"दोन आहेत," बायको म्हणाली.

"सात दिवसांत कुत्री हलवा, नाही तर घर सोडा," ते वहीत बघून म्हणाले. न्हाणीघरातला नळ चालूच होता.

जिन्यात मला कंठ फुटला. "चल परत! सगळ्यांची नावं सांगू. सेक्रेटरीचं न्हाणीघर उघडून दाखवू. आपण बुडायचं आणि हे तरायचे?"

"आणि मग?" ती वर चढत म्हणाली. "त्या पाच कुत्र्यांनी काय केलंय? ते कुठे जातील?"

"पण ही माणसं..."

"माणसांचं मी बघितलं."

पुढचे चार दिवस ती माझ्याशी नेहमीसारखं बोलली. मीठ दे, गॅस बंद कर, दार ओढून घे. रोज चार वेळा ती मास्तरला पट्टा लावून, मधल्या जिन्यानं, भर दिवसा खाली न्यायची. एकेका पायरीवर थांबत. वाटेत भेटणारे मान खाली घालून भिंतीला चिकटायचे. गाणंबाईंनी एकदा त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला वाकून बघितलं. बायकोनं फक्त पट्टा दुसऱ्या बाजूला घेतला.

मी दोनदा म्हणालो, "मी करणारच होतो हात वर. जरा थांबलो होतो."

"हो ना," ती म्हणाली.

शुक्रवारी ती कामावरून उशिरा आली. लॅबमधल्या एका म्हाताऱ्या पेशंट बाईंची तळमजल्यावरची खोली रिकामी होती. मागे थोडं अंगण. पायरी एकच.

"बाईंना सगळं सांगितलं," ती मास्तरच्या गुडघ्याला तेल चोळत म्हणाली. "म्हातारा आहे, बहिरा आहे, भुंकतो. दुसरी लहान आहे, पण चपला खाते. त्या म्हणाल्या, चालेल."

"वा!" मी म्हणालो. "सामान कधी हलवायचं आपण?"

ती चोळतच राहिली.

"कुत्र्यांना त्या हो म्हणाल्यात. तुझं अजून विचारलं नाहीये."