सासऱ्यांनी काढलेलं कुलूप

लिफ्टचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या त्या कंपनीत सगळ्यात जुन्या सरांना सगळे पाठीमागे 'सेमीकोलन' म्हणत, कारण प्रोग्राममधल्या त्या अर्धविरामासारखंच ते लागल्याशिवाय कुठलीच ओळ संपत नसे. कुणीही केलेला बदल त्यांच्या होकाराशिवाय पुढे जात नसे, आणि त्यांचा होकार म्हणजे अक्कलदाढ उपटून घेण्यातला प्रकार. त्यात दैवाची करणी अशी, की त्यांची सूनही त्यांच्याच टीममध्ये. ऑफिसात ती त्यांना 'सर' म्हणे, घरी 'बाबा', आणि रागावली की दोन्हीकडे काहीच म्हणत नसे.

भांडणाचं मूळ होता कंपायलर. माणसांनी लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा हा प्राणी नव्या आवृत्तीत एक सोय घेऊन आला होता. लिफ्टला हात लावण्याआधी प्रोग्राम एक 'कुलूप' लावतो, म्हणजे त्याच वेळी दुसरं कुणी लुडबुड करू नये. काम आटोपलं की कुलूप काढायचं, आणि मध्येच काही बिघडून पळ काढावा लागला तरी ते आठवणीने काढूनच पळायचं. सेमीकोलन उभी हयात पळायच्या प्रत्येक वाटेवर ते हाताने काढत आले होते. नवी सोय म्हणत होती, तुम्ही कुठूनही बाहेर पडा, कुलूप मी काढते. सुनेने ती वापरणारा बदल मंजुरीला पाठवला होता.

"कुणाला विचारून?" सेमीकोलन म्हणाले.

"सर, तेच तर त्या सोयीचं काम आहे," सून म्हणाली.

"दार आपोआप लागतं म्हणून आपण ओढून बघायचं सोडतो का?"

"तुम्ही नाही सोडत. परवा शेजाऱ्यांचंही ओढून बघितलंत."

टीम खाली मान घालून हसली. बदल नामंजूर झाला.

त्या दिवशी जेवताना मुलाने तोंड उघडलं. सुनेला दुसऱ्या शहरातून नोकरीचं बोलावणं होतं. "बाबा, तिचं एकही काम तुम्ही पुढे जाऊ देत नाही. असंच चालणार असेल तर आम्ही जातो. माझं काय, लॅपटॉप उघडला की ऑफिस."

सेमीकोलनांनी हातातला घास परत ताटात ठेवला. बायको गेल्यापासून हे घर या दोघांशी होणाऱ्या कचकचीवरच तर चालू होतं. ही दोघं गेली तर भिंतींशी भांडायचं का? 'जाऊ नका' एवढे दोन शब्द काही त्यांना सुचले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बदल मंजूर करून टाकला.

पण जित्याची खोड! मंजूर करता करता एका ठिकाणी त्यांनी स्वतःची एक ओळ घुसडलीच: कुलूप काढण्याची. असू द्यावी, आपली खात्रीला.

चाचणीच्या लिफ्टमध्ये माणसांऐवजी वाळूची पोती बसवत. लिफ्ट थांबली, दार उघडलं, आणि दार तसंच उघडं असताना लिफ्ट सुरू झाली. एक पोतं दारात फाटलं आणि सगळी वाळू खाली सांडली. वाळूच ती, पण उद्या त्या जागी माणूस असता.

मॅनेजरने तातडीने सगळ्यांना बोलावलं. कुठली ओळ कुणाची, हे सिस्टिममध्ये दिसतं. पण दिसायला आधी बघावं लागतं, आणि मॅनेजर त्या भानगडीत पडत नसे. "सर पहिल्यापासून सांगत होते," तो सुनेकडे बघत म्हणाला. "ही नवी फॅडं आपल्याला नकोत. आजपासून बंद. आणि तुमच्याकडचं लिफ्टचं काम दुसऱ्या कुणाला तरी देऊ."

सून गप्प. सगळे सेमीकोलनांकडे आदराने बघत होते. नुसतं गप्प बसलं की झालं, आयुष्यभराचं म्हणणं खरं ठरत होतं. हा मोह साधा नव्हता. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला.

"सोयीने कुलूप बरोबर काढलं होतं," ते म्हणाले. "माझा विश्वास नव्हता, म्हणून तिच्याआधी मीही एकदा काढलं. मधल्या वेळात दाराच्या प्रोग्रामने आपलं कुलूप लावलं होतं. मग सोयीने काढलं ते त्याचं, आणि दार उघडं असतानाच लिफ्टला वाट मोकळी झाली. चूक माझी आहे. माझ्या सुनेचं काम बिनचूक होतं."

मॅनेजरचं तोंड उघडं ते उघडंच. दारही तसंच उघडं राहिलं होतं, कुणीतरी पुटपुटलं.

संध्याकाळी दोघं घरी चालत निघाली. सेमीकोलनांना स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती.

"मीटिंगला येण्याआधीच मी बघितलं होतं," सून एकदम म्हणाली. "तुमची ओळ."

ते थबकले. "मग बोलली का नाहीस? तुझी अब्रू जात होती!"

"तुम्ही बोलता का, ते बघायचं होतं, बाबा. नसता बोललात, तर आज घरी जाऊन बॅग भरणार होते."

सेमीकोलनांनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"तुम्ही हातानं काढलेली अशी कुलपं सगळ्या कोडमध्ये पडलीयत," ती म्हणाली. "ती आता मी उडवणार. चालेल?"

"उडव. पण हळूहळू उडव," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं पुरव. आणि इथंच राहून उडव."