रांधणाऱ्याचं नाव

अनंतरावांच्या वर्कशॉपमध्ये एक रीत होती. दुपारच्या सुट्टीत साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये सतरंजी पडायची, सगळे डबे मधोमध यायचे, आणि झाकण उघडताना ज्यानं त्यानं आपल्या डब्याच्या रांधणाऱ्याचं नाव घ्यायचं. मग सगळ्यांनी ते नाव म्हणायचं आणि जेवायला लागायचं. मालक अनंतराव कीर्तनवेडे. कुठल्याही देवळात बुवा उभे राहिले की हे पुढच्या रांगेत, हातात टाळ. ते म्हणत, "ज्या हातांनी रांधलं त्यांचं नाव न घेता घास गिळणं म्हणजे चोरी रे बाबांनो. देवाघरची चोरी."

पृथ्वीराजचं नुकतंच लग्न झालेलं. तो मान खाली घालून "सोनिया" म्हणायचा आणि शिट्ट्या पडायच्या.

अनीश म्हणायचा, "आई."

त्याची आई कवठेमहांकाळला, थोरल्या भावाकडं. तिनं अनीशच्या साताऱ्यातल्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता आणि ओलांडणारही नव्हती. डबा करायचा जयराज. जयराज एका हॉटेलात आचारी होता, दुपारपाळीचा. सकाळी तो अनीशसाठी भाकरी थापायचा, अख्खा मसूर करायचा, आणि रात्री दोघं एकाच अंथरुणावर झोपायचे.

अनीश आधी पुण्यात मोठ्या कंपनीत होता. पगार दांडगा. तिथं एकदा संडासाच्या दारावर कुणीतरी त्याचं नाव लिहिलं, नावापुढं एक शिवी. तेव्हापासून नोकरी बघताना तो पगार, पीएफ नंतर विचारायचा. आधी बघायचा, दुपारी माणसं कुठं बसतात आणि एकमेकांना काय विचारतात. अनंतरावांची माणसं साधी, हसरी होती म्हणून तो इथं आला. त्यांची रीत कळली ती पहिल्या दुपारी. तोंडातून "आई" निघून गेलं, आणि एकदा निघालेलं मागं घेता आलं नाही.

खंडेनवमी जवळ आली. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा आणि संध्याकाळी कीर्तन. अनंतरावांच्या मनात आलं की यंदा अनीशच्या आईचा साडी-नारळ देऊन मान करायचा, आणि अनीशला कळू द्यायचं नाही. आमंत्रण घरी जाऊनच द्यायचं, ही त्यांची जुनी शिस्त. तेव्हा अनीश कामावर असताना सकाळीच ते बायकोला, विनोदिनीकाकूंना, घेऊन त्याच्या घरी गेले.

दार जयराजनं उघडलं.

त्या दुपारी अनंतराव सतरंजीवर आलेच नाहीत. रात्री अनीश जादा काम उरकून घरी आला तेव्हा टेबलावर नारळ होता. जयराज हॉटेलातून नुकताच आलेला, पाय पसरून बसलेला.

"तुझे मालक आलते. जोडीनं."

अनीश दारातच थांबला. "काय म्हणाले?"

"आई कुठायत म्हणाले. मला काय ठाऊक? मी म्हणलं, त्या कवठ्याला असतात, इकडं येत न्हाईत. काकूंच्या हातात कुंकवाचा करंडा तसाच. मग डबा कोण करतं म्हणाल्या, त्यो तर रोज आईचं नाव घेतो. म्हणलं, मीच की रोज." जयराजनं नारळ बोटानं ढकलला. "आत एकच अंथरूण. बघितलं त्यांनी. साडी परत नेली, नारळ इसरले."

अनीश बसला.

"इतकी वर्षं मी तुझी आई व्हय रं?" जयराज हसला, पण ते हसणं लगेच मोडलं. "त्या बिचाऱ्या माउलीनं तुला एकदा तरी भाकरी पाठवली का? आणि नाव तिचं."

"सांगलीच्या कंपनीचा फोन आलाय," अनीश खालच्या आवाजात म्हणाला. "पगार कमी हाय. पण कँटीन मोठं. आपलं ताट घ्यायचं आणि खायचं. कोण कुणाला इचारत न्हाई. जाऊ तिकडं."

"जाऊ की. तिथं मी कोण? मावशी?"

जयराज अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडला. सकाळी मात्र डबा भरलेला होता, नेहमीसारखा.

दुपारी सतरंजी पडली. अनंतरावांनी सकाळपासून अनीशकडं पाहिलं नव्हतं. सगळे बसल्यावर ते घसा खाकरून म्हणाले, "आजपासून नावं घ्यायची नाहीत. मुकाट्यानं जेवायचं."

"आवं मालक, आसं कसं?" पृथ्वीराज म्हणाला. "सोनिया रोज सांजच्याला इचारती, घेतलं का माजं नाव म्हनून. आता काय सांगू तिला?"

"सांग, मालकाचं चुकलं. कुणाच्या घरात डोकवायचा आपल्याला काय अधिकार?" अनंतरावांचे कान लाल झाले होते. त्यांनी भाकरी मोडली, पण तोंडापर्यंत नेली नाही.

अनीशला सांगलीत जे मिळणार होतं ते इथंच पुढ्यात आलं होतं. कुणी विचारणार नव्हतं. पृथ्वीराज डब्याच्या झाकणाशी उगाच चाळा करत होता. कधी न पाहिलेली ती पोरगी संध्याकाळी दारात वाट बघणार, आणि तिचं नाव अनीशच्या भित्रेपणापायी बंद झालेलं. त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"मालक, रीत मोडू नका," तो म्हणाला. "खोटं मी बोललो. आईनं नाही केलेलं. कधीच नाही." त्यानं झाकण उघडलं. "जयराज. आम्ही एकत्र राहतो. नवरा-बायको राहतात तसे."

म्हातारा वेल्डर उठला, आपला डबा उचलून गेटजवळ जाऊन बसला, पाठ करून. आणखी एकानं पुढं केलेला हात मागं घेतला. अनीशनं ते सगळं पाहिलं आणि मान खाली घातली.

अनंतरावांनी अनीशचा डबा पुढ्यात ओढला. "आम्ही साडी घेऊन पळालो रे तिथून," ते म्हणाले. "त्या पोराला धड बस म्हणालो नाही, पाणी मागितलं नाही. माझीच मला लाज वाटते." त्यांनी अख्खा मसूर भाकरीवर घेतला. "जयराज," ते म्हणाले, आणि घास घेतला.

"जयराज," पृथ्वीराज पुटपुटला. आणखी दोघं-तिघं म्हणाले, कुणी न बघता, कुणी अडखळत. बाकीचे गप्पच राहिले.

पृथ्वीराजनं दुसरा घास घेतला आणि डोळे पुसले. "लय तिखट टाकतो गड्या ह्यो. जरा सांग त्याला."

"सांगतो," अनीश म्हणाला. त्याला काही मान वर करता आली नाही.