मुबलक

बकुळने झेरॉक्सचा कागद सतरंजीवर पसरला आणि कोपऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. कागदावर मुळासकट वाळवलेल्या एका रोपाची छबी होती. खाली चिठ्ठी: वरुणाकाठ, सप्टेंबर १९५७, पिवळी फुलं, मुबलक.

“हे तुमचंच अक्षर ना, काका?”

नाही कसं म्हणणार? विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात तीस वर्षं चिठ्ठ्या लिहून निवृत्त झालेल्या नरहर पाटणकरांचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं. त्यात खोटंसुद्धा खरं दिसे.

“तीन साल झाले, मी वरुणा नदीचा काठ पायाखाली घालतेय,” बकुळ म्हणाली. “एक पौधा नाही. वाटाण्याच्या कुळातलं एवढंसं फूल, दुसरीकडे कुठेच नोंद नाही. सर म्हणतात, मुबलक लिहिलंय तर असणारच, ठीक से शोध.”

काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

ती रोपं त्यांना एकाच उंचवट्यावर सापडली होती. शेंगा अजून हिरव्या होत्या, बी पडलं नव्हतं. संग्रहाच्या साहेबांचा नियम कडक: दुर्मीळ असेल ते उपटायचं नाही. आणि साहेबांचीच मागणी: बाहेरगावच्या संग्रहांना पाठवायला त्याच रोपाच्या वाळवलेल्या प्रती हव्यात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नोकरी नवी होती. ‘मुबलक’ या एका शब्दात त्यांनी दोन्ही साधलं. पुढच्या पावसाळ्यात ते गुपचूप जाऊन पाहून आले, त्याच्या पुढच्याही; उंचवटा रिकामाच. मग हिंमतच झाली नाही.

“तेव्हा होती गं पुष्कळ,” ते म्हणाले. “पुरात गेली असतील.”

“काका, मी पत्रं लिहून सगळ्या प्रती शोधल्या. सहा आहेत. सहाही मुळासकट, एकाच तारखेच्या.”

काकांना इतकी लाज वाटली की त्यांनी चष्मा पुन्हा घातलाच नाही.

“मी भांडायला नाही आले,” बकुळ म्हणाली. “फक्त सच सांगा. सातवं होतं का?”

‘होतं’ म्हणणं किती सोपं होतं! पोरगी आनंदाने उठून गेली असती, आणि आणखी तीन वर्षं चिखल तुडवत राहिली असती.

“नव्हतं,” ते म्हणाले.

बकुळने कागदाची घडी घातली. उठली मात्र नाही.

“मग आता शोधायचं नाही ना?” तिने विचारलं.

आणि ‘नाही, आता शोधू नकोस’ हेही नरहरकाकांनाच सांगावं लागलं.